कुत्र्याच्या आहारातलं लोह आणि स्पिरुलिना : आधी काय तपासावं, मग किती द्यावं

कुत्र्याच्या हिरड्या जरा पांढुरक्या दिसल्या की घरातून आणि शेजारून सल्ले सुरू होतात. गूळ द्या, बीट द्या, खजूर द्या, काळ्या मनुका भिजवून द्या. गेल्या काही वर्षांत या यादीत स्पिरुलिनाची, म्हणजे वाळवलेल्या शैवालाच्या पुडीचीही भर पडली आहे. यातली एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते, कारण ती लेखाच्या शेवटापर्यंत थांबवण्यासारखी नाही : मनुका, बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याला कधीही देऊ नका. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नसतो. माणसाचे रक्तवाढीचे घरगुती उपाय कुत्र्याला जसेच्या तसे चालत नाहीत.

स्पिरुलिना मात्र कुत्र्याला चालते. तिच्यात लोह आहे, आणि पालकातली ऑक्झलेट किंवा धान्यातली फायटेट जशी लोहाला आतड्यात अडवून धरतात, तशी आडकाठी तिच्यात जवळजवळ नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. चमचाभर पुडीतून मिळणारं लोह आणि आजारी कुत्र्याच्या शरीरातून रोज बाहेर जाणारं लोह यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडला, की शैवालाची खरी जागा दिसते. ते ताटातली छोटी भर आहे. रक्तक्षयावरचं औषध नाही. एवढं लक्षात ठेवून पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. क्रम इथे महत्त्वाचा आहे.

कुत्र्याला रोज लोह लागतं किती?

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या पोषणगरजा एकत्र करून प्रसिद्ध केल्या. त्यात प्रौढ कुत्र्यासाठी दर १००० किलोकॅलरी अन्नामागे ७.५ मि.ग्रॅ. लोह सुचवलेलं आहे. वजनावर बसवलं तर रोजची गरज साधारण अशी येते : ५ किलोच्या कुत्र्याला ३.३ मि.ग्रॅ., १० किलोला ५.६, १५ किलोला ७.६, २० किलोला ९.५ आणि ३० किलोच्या लॅब्राडोरला १२.८ मि.ग्रॅ. वजन दुप्पट झालं म्हणून गरज दुप्पट होत नाही, हे या आकड्यांतच दिसतं.

वाढत्या पिल्लांचं आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीचं गणित वेगळं. पशुखाद्याचे निकष ठरवणारी अमेरिकेतली 'आफको' ही संस्था प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किलोमागे (ओलावा वगळून) किमान ४० मि.ग्रॅ. लोह मागते, तर पिल्लांच्या आणि गाभण कुत्र्यांच्या खाद्यात ८८ मि.ग्रॅ. दुपटीहून जास्त. त्यामुळे दूध-पोळीवर वाढवलेलं पिल्लू लोहाच्या बाबतीत लवकर मागे पडतं. दुधात लोह नसल्यातच जमा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शरीरात एकदा गेलेलं जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय कुत्र्याकडे नाही, माणसाकडेही नाही. किती आत घ्यायचं एवढंच आतडं ठरवतं. म्हणून 'थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं' हा विचार लोहाला लावू नये.

पहिली पायरी : लोहच कमी आहे ना, ते बघा

हिरड्या बघायची पद्धत सोपी आहे. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी होऊन दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. अनेक देशी कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे हे कळत नाही. मग खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. जिना चढताना धाप लागणं, खेळायला न उठणं, माती किंवा भिंतीचा चुना चाटणं, ही लक्षणंही नोंदवून ठेवा. ज्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या आहेत, श्वास जोरात चालू आहे किंवा जो उभा राहताना कोलमडतो, त्याच्यासाठी हा लेख नाही. त्याला आत्ता दवाखान्यात न्या.

बाकीच्यांसाठी पशुवैद्याकडून रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या. कागद हातात आला की तीन ठिकाणी बघा. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा, प्रौढ कुत्र्यात साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. हिमोग्लोबिन १०० मि.लि. रक्तामागे १२ ते १८ ग्रॅम. तिसरी जागा लाल पेशीच्या आकाराची, कागदावर एमसीव्ही या नावाने येते. ती ६० ते ७७ च्या दरम्यान असावी. प्रयोगशाळेप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. लोह दीर्घकाळ कमी पडलं असेल तर पेशी लहान आणि फिकट होतात. हिमोग्लोबिन कमी, पण पेशींचा आकार अगदी ठीक, असं असेल तर कारण लोहाखेरीज दुसरंच असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडे ते दुसरं कारण बहुतेक वेळा गोचीड. गोचिडांतून एर्लिकिया, बबेसिया, हेपॅटोझून हे रोग येतात. बबेसिया लाल पेशी फोडतो. एर्लिकिया जुना झाला की हाडांतल्या मगजावर, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तिथेच, हल्ला करतो. शिवाय कुठलाही दीर्घ दाह चालू असला की शरीर स्वतःच लोह साठ्यात अडकवून ठेवतं. यकृतात तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलं बाहेर सोडत नाही. अशा कुत्र्याच्या ताटात कितीही लोह वाढलं तरी ते रक्तापर्यंत पोचत नाही. म्हणून रक्ततपासणीबरोबर काचेवर रक्ताचा थर घेऊन बघायला सांगा, आणि गोचिडाचा इतिहास असेल तर त्या रोगांची चाचणीही मागा.

इथेच एक व्यवहारातली गोष्ट. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन देतात, आणि लोह या औषधाला आतड्यात धरून ठेवतं. औषध पुरेसं शोषलं जात नाही. 'रक्त कमी आहे म्हणून टॉनिक' आणि 'गोचीडतापावर गोळी' एकाच वाटीत कालवून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात कुत्र्याचं नुकसान होतं. शैवालात लोह कमी असलं तरी उपचार चालू असेपर्यंत ते थांबवलेलं उत्तम. टॉनिक डॉक्टरांनीच दिलं असेल तर दोन्हींत किती तासांचं अंतर ठेवायचं ते त्यांना विचारा. दुधातलं कॅल्शियमही हाच अडथळा करतं, तेव्हा ही गोळी दुधातून देऊ नका. साध्या अन्नातून द्या आणि वर पाणी पाजा.

दुसरी पायरी : रक्त जातंय कुठून ते थांबवा

प्रौढ कुत्र्यात लोहाची खरी कमतरता आढळली तर ती बहुतेक वेळा हळूहळू रक्त गेल्यामुळे झालेली असते. पिसवा, गोचीड, पोटातले जंत, वेदनाशामकांमुळे झालेले जठरातले व्रण, म्हाताऱ्या कुत्र्यात आतड्यातली गाठ. पट्टीचा खाणारा कुत्राही यातून सुटत नाही.

हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमीचंच उदाहरण घ्या. हा जंत आतड्याच्या भिंतीला दातांनी पकडून रक्त पितो, आणि एकेका जंतामुळे दिवसाला साधारण ०.१ मि.लि. रक्त जातं. शंभर जंत असतील तर १० मि.लि. एक मि.लि. रक्तात सुमारे अर्धा मि.ग्रॅ. लोह असतं, म्हणजे रोज ५ मि.ग्रॅ. लोह वाया. दहा किलोच्या कुत्र्याची रोजची अख्खी गरज ५.६ मि.ग्रॅ. आहे, हे वर आलंच आहे. आता स्पिरुलिनाचा आकडा : अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यानुसार वाळलेल्या स्पिरुलिनात १०० ग्रॅममागे २८.५ मि.ग्रॅ. लोह असतं. एका ग्रॅमला ०.२८ मि.ग्रॅ. त्या जंतांनी एका दिवसात घालवलेलं लोह भरून काढायला १७-१८ ग्रॅम पूड लागेल, तीही पूर्ण शोषली गेली असं धरून. एवढी पूड कुत्रा खाणार नाही आणि त्याला देऊही नये. जंताची गोळी एका दिवसात जे करते ते शैवालाचा डबा वर्षभरात करणार नाही.

तर शौचाचा ताजा नमुना तपासून घ्या, पशुवैद्याने वजनानुसार दिलेलं जंतनाशक द्या आणि ते सांगतील तेव्हा पुन्हा द्या. पिल्लांना अंकुशकृमी आईच्या दुधातूनही येतो, म्हणून त्यांचं जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात. गोचीड-पिसवांसाठी महिनोन्‌महिने संरक्षण देणारी औषधं आता मिळतात. पावसाळ्यात आणि पावसानंतर त्यात खंड पडू देऊ नका. घराच्या भिंतींच्या फटी, कुत्र्याचं अंथरूण, कोपऱ्यातली गोणपाटं साफ करा, कारण तपकिरी गोचीड घरातच अंडी घालते.

शौचाचा रंगही बघत चला. डांबरासारखी काळी, चिकट विष्ठा म्हणजे आतड्यात वरच्या भागात कुठेतरी रक्त जातंय. पुढे स्पिरुलिना सुरू केल्यावर विष्ठा गडद हिरवी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ओल्या पांढऱ्या कागदावर थोडी पसरून बघा : हिरवट छटा उतरली तर शैवाल, काळपट तांबूस उतरली तर दवाखाना.

तिसरी पायरी : ताटाचा हिशेब

कुत्र्याला 'पूर्ण आणि संतुलित' असं लिहिलेलं चांगलं तयार खाद्य त्याच्या वजनाप्रमाणे मिळत असेल, तर त्यात लोह आधीच घातलेलं आहे. त्याला लोहासाठी शैवालाची गरज नाही. खरा प्रश्न घरच्या जेवणाचा आहे.

पंधरा किलोचा देशी कुत्रा धरू. दिवसभरात चार पोळ्या, अर्धा लिटर गाईचं दूध आणि एक उकडलेलं अंडं. पोट भरतं, उष्मांकही जवळपास पुरे पडतात. लोहाचं काय? चार पोळ्यांना १२० ग्रॅम कणीक. कणकेत १०० ग्रॅमला साधारण ४ मि.ग्रॅ. लोह, म्हणजे ४.८. अंड्यातून ०.९. दुधातून नगण्य. एकूण ५.७, आणि गरज ७.६. शिवाय पोळीतलं बरंचसं लोह फायटेटमध्ये अडकलेलं, आणि वरून अर्धा लिटर दुधातलं कॅल्शियम. कागदावर दिसतं त्याहून तूट मोठी आहे.

याच ताटात दीड ग्रॅम स्पिरुलिना घातली तर ०.४३ मि.ग्रॅ. वाढतात. त्याऐवजी ४० ग्रॅम शिजवलेली कोंबडीची कलेजी घातली तर साडेचार मि.ग्रॅ.च्या वर, आणि मांसातलं हे लोह आतड्यात जास्त सहज शोषलं जातं. शिवाय मांस सोबत असेल तर धान्यातलं लोहही थोडं जास्त आत येतं. म्हणून ज्या घरात चालतं तिथे माझा सल्ला स्पष्ट आहे : एवढ्या कुत्र्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा मूठभर कलेजी, कांदा-लसूण-मसाला न घालता नुसती शिजवून. रोज भरपूर नको, कारण कलेजीत जीवनसत्त्व 'अ' फार असतं आणि ते साठत जातं. कांदा आणि लसूण तर लाल पेशीच फोडतात. रक्त वाढवायला म्हणून मटणाच्या रश्श्यात पोळी कुस्करून देणं म्हणजे नेमकं उलट काम.

शाकाहारी घरात कलेजी येणार नाही, हे मला समजतं, आणि तिथे शैवालाचं महत्त्व थोडं वाढतं. पण तिथेही पहिला हात डाळी-कडधान्याला घाला. मसूर आणि मटकीत कोरड्या १०० ग्रॅममागे सुमारे ७ ते ८ मि.ग्रॅ. लोह असतं. भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतात, आणि मोड आणणं आपल्याला शिकवावं लागत नाही. मोड आलेली मटकी मऊ शिजवून, ठेचून, पोळीत कालवा; सुरुवातीला थोडीच, नाहीतर पोट फुगेल. घरात चालत असतील तर दोन अंडी वाढवा. दूध जेवणातून काढून वेगळ्या वेळेला द्या. एवढं केल्यावर शैवाल ही वरची चिमूट. आणि कुत्रा कायम घरच्या शाकाहारी जेवणावरच राहणार असेल तर पशुवैद्याकडून एकदा पूर्ण आहार आखून घ्या; लोहाखेरीज टॉरिन, जस्त, ब-१२ असे बरेच धागे त्यात आहेत.

ब-१२ वरून एक खुलासा. स्पिरुलिनाच्या डब्यांवर ब-१२ चा मोठा आकडा छापलेला असतो. त्यातलं बहुतेक ब-१२ प्राण्यांच्या शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असतं. त्या आकड्यावर विसंबू नका.

चौथी पायरी : कोणतं शैवाल?

बाजारात शैवालाच्या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि सगळ्या लोहासाठी नसतात.

स्पिरुलिना खरं तर नील-हरित जीवाणू; शास्त्रीय नाव अर्थ्रोस्पायरा. खाऱ्या, अल्कलीय पाण्यात ती वाढते. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी असंच आहे, सामू दहाच्या आसपास, आणि तिथे ती निसर्गतः आढळते. भारतात तिची लागवड मोकळ्या, उथळ टाक्यांत होते. तमिळनाडूत हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. पेशीभोवती कडक भिंत नसल्यामुळे ती सहज पचते. पहिल्यांदा शैवाल देणाऱ्यांनी हीच घ्यावी.

क्लोरेला हे खरं हिरवं शैवाल. काही मालांत लोह १०० ग्रॅममागे १०० मि.ग्रॅ.च्या वरही जातं, म्हणजे स्पिरुलिनाच्या तिप्पट-चौपट. मात्र ते कोणत्या पाण्यात, कोणते क्षार घालून वाढवलं यावर हा आकडा फार हलतो, त्यामुळे त्या खेपेचा तपासणी अहवाल नसेल तर आकडा धरून चालू नये. क्लोरेलाची पेशीभित्तिका कडक असते. डब्यावर ती फोडलेली असल्याचा उल्लेख नसेल तर बराचसा माल न पचताच बाहेर पडतो.

तिसरी गोष्ट शैवालाचं तेल. ते डीएचए या स्निग्धाम्लासाठी असतं, लोह त्यात नाही. चौथी केल्प, म्हणजे समुद्री शेवाळाची पूड. तिच्यात आयोडिन इतकं असतं की थायरॉइड बिघडू शकतं. लोहासाठी ही दोन्ही घेऊ नका.

२०२१ मध्ये 'फ्रंटियर्स इन न्यूट्रिशन' या नियतकालिकात प्रौढ कुत्र्यांना आहारातून स्पिरुलिना देऊन केलेला अभ्यास आला. त्यात रेबीजच्या लशीला मिळणारा प्रतिसाद आणि आतड्यातली प्रतिकारशक्ती सुधारलेली दिसली. हे चांगलंच आहे, पण तो अभ्यास प्रतिकारशक्तीचा होता. त्याच्या आधारे कोणी 'कुत्र्यांचं रक्त वाढवते' असं म्हणून डबा विकत असेल तर ते खरं मानू नका.

पाचवी पायरी : डबा घेताना

या पायरीवर घाई नको. शैवाल ज्या पाण्यात वाढतं त्यातलं सगळं शोषून घेतं, शिसं आणि आर्सेनिकसुद्धा. आणि नील-हरित शैवालांच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात, जे थेट यकृत खातं. स्पिरुलिना स्वतः ते बनवत नाही, पण उघड्या पाण्यात दुसरी जात मिसळली तर पुडीत ते येतं. २०१५ मध्ये 'बीएमसी व्हेटरिनरी रिसर्च' मध्ये अमेरिकेतल्या अकरा वर्षांच्या एका पग कुत्रीची नोंद प्रसिद्ध झाली : नील-हरित शैवालाचं बाजारी पूरक खाऊन तिच्या यकृताला इजा झाली आणि त्या पूरकात मायक्रोसिस्टिन सापडलं. पूरक बंद करून उपचार केल्यावर ती सुधारली.

म्हणून निसर्गातल्या तळ्यातून गोळा केलेलं शैवाल कुत्र्यासाठी घेऊ नका. ओरेगनमधल्या क्लॅमथ सरोवरातून काढलेलं 'अफॅनिझोमेनॉन' अशा मालात मोडतं. टाकीत लागवड केलेली स्पिरुलिनाच घ्या. विक्रेत्याकडे त्या खेपेचा अहवाल मागा आणि त्यात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा, मायक्रोसिस्टिन आणि जिवाणू यांच्या ओळी आहेत का बघा. ओरेगन राज्याने अशा पूरकांसाठी मायक्रोसिस्टिनची कमाल मर्यादा ग्रॅमला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. 'आढळलं नाही' असं लिहिलेलं असेल तर अधिक बरं. जो विक्रेता अहवाल दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

माणसांसाठीची शुद्ध पूड किंवा नुसत्या स्पिरुलिनाच्या गोळ्या चालतात. अशी गोळी अनेकदा ५०० मि.ग्रॅ.ची असते, म्हणजे लोह ०.१४ मि.ग्रॅ. घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) असेल तर तो डबा घरात कुत्र्याच्या आसपासही नको. वेगळं लोह मिसळलेली 'रक्तवर्धक' स्पिरुलिनाही नको. घरी टबात वाढवलेली स्पिरुलिना कितीही हौसेने केलेली असली तरी तिच्यात दुसरं काय वाढलंय हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही. आणि तळ्यावर, खाणीच्या पाण्यावर, उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर कुत्र्याला तिथे पाणी पिऊ किंवा पोहू देऊ नका. त्यातल्या काही विषांनी कुत्रा तासाभरातही दगावू शकतो.

सहावी पायरी : किती आणि कसं द्यायचं

मी वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम ही वरची मर्यादा मानते. दहा किलोच्या कुत्र्याला १ ग्रॅम, वीस किलोला २, तीस किलोच्याला ३. इतकी पूड दिवसभराच्या कोरड्या अन्नाच्या एक टक्क्याच्या आत राहते. लोहाच्या गरजेचा चार ते सात टक्के वाटा यातून येतो. त्याहून जास्त आशा धरू नका आणि आशेपोटी मात्रा वाढवू नका.

चहाचा सपाट चमचा दोन ग्रॅमच्या थोडा वर भरतो, त्यामुळे लहान कुत्र्याला चमच्याने मोजणं चुकतं. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. पहिले चार दिवस मात्रेचा चौथा हिस्सा, पुढचे चार दिवस अर्धा, मग पाऊण, आणि सुमारे दोन आठवड्यांनी पूर्ण. जुलाब, उलटी, अंगाला खाज किंवा तोंडावर सूज आली तर बंद करा. नुसती पातळ शी असेल तर एक टप्पा मागे जा.

वास तीव्र असतो, मासळीसारखा. बहुतेक कुत्र्यांना तो आवडतो, काही तोंड फिरवतात. कोमट बिनमसाल्याच्या चिकन सुपात किंवा कुस्करलेल्या अंड्यात कालवा. दह्यात कालवायची सवय सगळ्यांना असते, पण लोहासाठी देत असाल तर दही नको, कारण तेच कॅल्शियमचं. शिजवल्याने लोह कुठे जात नाही, पण स्पिरुलिनातलं निळं रंगद्रव्य फायकोसायनिन उष्णतेने मोडतं. म्हणून जेवण निवल्यावर वरून घाला. लिंबू पिळायची गरज नाही, कुत्रा जीवनसत्त्व 'क' स्वतःच्या यकृतात बनवतो. डबा घट्ट झाकून, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात पूड गोळे धरू लागली किंवा कुबट वास आला तर टाकून द्या.

यांना देऊ नका

डाल्मेशियनला नको. या जातीत जन्मतःच युरिक आम्ल नीट मोडत नाही, लघवीत खडे होतात, आणि शैवालात न्यूक्लिक आम्लं भरपूर असल्यामुळे ते वाढतं. युरेटचे खडे झालेल्या कुठल्याही कुत्र्याला हेच लागू.

यकृताचा आजार असलेल्यांना नको. स्पिरुलिनात तांबंही बऱ्यापैकी असतं, १०० ग्रॅममागे सुमारे ६ मि.ग्रॅ.; बेडलिंग्टन टेरिअर, डॉबरमन आणि आपल्याकडे घरोघरी असलेला लॅब्राडोर या जातींमध्ये यकृतात तांबं साठण्याचा आजार आढळतो. निरोगी लॅब्राडोरला थोडी चालेल, पण आधी यकृताची रक्ततपासणी करून घ्या. ज्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाल पेशींवर उलटली आहे, किंवा जो त्यासाठी स्टेरॉइडवर आहे, त्यालाही शैवाल नको. अंगावर पिणाऱ्या पिल्लांनाही नाही.

घरातल्या माणसांच्या लोहाच्या गोळ्या हा आणखी वेगळा धोका. सरकारी दवाखान्यातून आणि शाळेतून मिळणाऱ्या मोठ्यांच्या गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह असतं. कुत्र्याला किलोमागे २० मि.ग्रॅ.पासून त्रास सुरू होतो आणि ६० च्या वर जीव धोक्यात येतो. म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याने पाच गोळ्या चघळल्या तर तो त्या रेषेवर आहे. काही तासांत उलट्या, रक्ताची हगवण, मग थोडा वेळ बरा वाटतो आणि नंतर कोसळतो. तो मधला बरा वाटण्याचा वेळ फसवा असतो. गोळ्या खाल्ल्याचं कळताच निघा आणि रिकामं पाकीट सोबत न्या.

महिन्याने पुन्हा रक्त तपासा

जंत, गोचीड आटोक्यात आणून आणि ताट सुधारून चार आठवडे झाले की तीच रक्ततपासणी पुन्हा करा, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. हिमोग्लोबिन वर सरकायला लागलं असेल तर आहे तसंच चालू ठेवा. कुत्र्याची लाल पेशी साधारण ११० ते १२० दिवस जगते, त्यामुळे पेशींचा आकार आणि साठा पूर्ववत व्हायला तीन-चार महिने धरा. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं असेल तर ते त्यांच्या सांगण्याप्रमाणेच चालू ठेवायचं. शैवाल सुरू केलं म्हणून ते थांबवायचं नाही.

हिमोग्लोबिन जागचं हललं नसेल, किंवा खाली गेलं असेल, तर शैवालाची मात्रा वाढवू नका. शौचात न दिसणारं रक्त जातंय का त्याची चाचणी, पोटाची सोनोग्राफी, आणि चालू असलेल्या वेदनाशामकांची यादी, या तीन गोष्टी घेऊन पुन्हा पशुवैद्याकडे जा.